यहेज्केलचे मंदिर

यहेज्केलचे मंदिर : बायबलच्या जुन्या करारातील यहेज्केल (एझीकिएल) या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अखेरच्या नऊ अध्यायांत (४० ते ४८) वर्णिलेले, दर्शनात पाहिलेले पण प्रत्यक्षात कधीही न बांधले गेलेले जेरूसलेमचे मंदिर. बायबलमधील भविष्यवाणीत मंदिरवास्तूला जो आध्यात्मिक अर्थ प्राप्त झाला, त्याचे सर्वांत विस्तृत व पद्धतशीर रूप या वर्णनात आढळते. ज्यू धर्मातील सिनॅगॉगची कल्पना, ख्रिस्ती धर्मातील देवाच्या नगरीची कल्पना आणि भावी मंदिराविषयीच्या अनेक अपेक्षा यांचे धागे या दर्शनापर्यंत व त्याच ग्रंथातील इतर वचनांपर्यंत जाऊन पोहोचतात. कोकण व मुंबई येथील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनास्थळांतही या परंपरेच्या खुणा आहेत.

पार्श्वभूमी : जेरूसलेमचे पहिले मंदिर शलमोन राजाने इ. स. पू. दहाव्या शतकात बांधले, असे बायबल सांगते. त्याची लांबी ६० हात, रुंदी २० हात व उंची ३० हात होती. त्याचे तीन भाग होते : द्वारमंडप (ऊलाम), मुख्य दालन किंवा पवित्रस्थान (हेखाल) आणि सर्वांत आतील परमपवित्रस्थान (दवीर). भारतीय मंदिरातील मंडप, अंतराळ व गर्भगृह या क्रमाशी परिचित असलेल्या वाचकास ही योजना अनोळखी वाटणार नाही. मात्र महत्त्वाचा भेद असा, की परमपवित्रस्थानात मूर्ती नव्हती. तेथे कराराचा कोश व त्यावर पंख पसरलेले दोन करूब होते आणि त्यांच्या वरील रिक्त अवकाश हेच अदृश्य देवाचे आसन मानले जाई. हे दालन लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनी २० हात, म्हणजे पूर्ण घनाकृती होते. सिरियातील ऐन दारा व तुर्कस्तानातील तेल ताय्‌नात येथील उत्खननांत अशीच त्रिभागी मंदिरे सापडल्याने, शलमोनाच्या मंदिराची योजना त्या काळच्या सिरिया-पॅलेस्टाइनमधील रूढ पद्धतीशी जुळणारी होती, हे स्पष्ट झाले आहे. यांपैकी ऐन दारा येथील अवशेषांची २०१८ मधील हवाई हल्ल्यात मोठी हानी झाली.

मंदिराच्या वास्तूविषयी दोन परस्परविरोधी वाटणारे विचार आरंभापासूनच आढळतात. एका बाजूने, वास्तूचा नमुना देवानेच दाखविलेला असतो, अशी श्रद्धा होती. सीनाय पर्वतावर मोशेला निवासमंडपाचा नमुना दाखविण्यात आला व त्याबरहुकूम तो करावा, अशी आज्ञा झाल्याचे ‘निर्गम’ या ग्रंथात म्हटले आहे. दुसऱ्या बाजूने, मंदिराच्या अर्पणप्रसंगीच्या प्रार्थनेत खुद्द शलमोनाच्या तोंडी असा प्रश्न घातला आहे, की आकाशांतही जो मावत नाही तो या घरात कसा मावेल? संदेष्ट्यांनी हा दुसरा विचार अधिक तीव्र केला. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीस यिर्मयाने मंदिराच्या दारातच उभे राहून लोकांना बजावले, की अन्याय करून मंदिराचा आश्रय घेणाऱ्यांना ही वास्तू वाचविणार नाही. इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बॅबिलनचा राजा नेबुकॅड्नेझर याच्या सैन्याने मंदिर जाळले, तेव्हा त्याची वाणी खरी ठरली.

यहेज्केल हा याजक (पुरोहित) कुळातला होता. इ. स. पू. ५९७ मध्ये राजा यहोयाखीन याच्याबरोबर ज्यांना बॅबिलनला नेण्यात आले, त्यांत तोही होता. मंदिराच्या सेवेसाठी जन्मलेल्या माणसाचे पुढचे सारे आयुष्य मंदिरापासून दूर, खबार कालव्याच्या काठी गेले. त्याच्या ग्रंथात मंदिराविषयीची दोन दर्शने एकमेकांसमोर ठेवलेली आहेत. पहिल्यात (अध्याय ८ ते ११) मंदिरातील भ्रष्टाचार पाहून देवाचे तेज प्रथम उंबरठ्यावर, मग पूर्वद्वारी व शेवटी शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर जाते. म्हणजे मंदिर जळण्यापूर्वीच रिकामे झालेले असते. दुसरे दर्शन निर्वासनाच्या पंचविसाव्या व नगराच्या पाडावानंतरच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५७३ च्या सुमारास, घडले.

दर्शनातील वास्तू : संदेष्ट्याला एका अतिउंच पर्वतावर नेण्यात येते. तेथे पितळेसारखी कांती असलेला एक पुरुष तागाची दोरी व मापण्याचा बोरू घेऊन उभा असतो. बोरूची लांबी सहा हात असून त्यातील प्रत्येक हात नेहमीच्या हातापेक्षा चार बोटांनी मोठा आहे. हा मोठा हात सु. ५२ सेंमी. धरल्यास बोरू सु. ३ मी.पेक्षा थोडा अधिक भरतो. हा पुरुष भिंती, दरवाजे, पहारेकऱ्यांच्या देवड्या, अंगणे व दालने एकामागून एक मापत जातो व संदेष्टा त्याच्या मागून चालतो. वर्णन वास्तुशिल्पज्ञाच्या टिपणासारखे कोरडे आहे. त्यात लांबी-रुंदीची मापे विपुल आहेत. उंचीची मापे मात्र फार थोडी आहेत. हा बांधकामाचा आराखडा नसून जमिनीवरील सीमांचा आराखडा आहे, असे अनेक अभ्यासकांनी यावरून अनुमान केले आहे.

संपूर्ण आवार ५०० हात चौरस आहे. बाहेरील अंगणाला पूर्व, उत्तर व दक्षिण या दिशांना प्रत्येकी एक द्वार आहे. पश्चिमेस द्वार नाही. प्रत्येक द्वाराची इमारत ५० हात लांब व २५ हात रुंद असून तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन देवड्या आहेत. हाझोर, मगिद्दो व गेझेर या प्राचीन नगरांच्या उत्खननांत सापडलेल्या सहा देवड्यांच्या वेशींशी ही योजना जुळते. म्हणजेच नगराच्या तटाची वेस येथे मंदिराच्या अंगणाला लावलेली आहे. तिचे काम शत्रूला अडविण्याचे नसून अपवित्रतेला अडविण्याचे आहे. आतील अंगणाला अशीच तीन द्वारे आहेत. त्याच्या मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली यज्ञवेदी असून तिच्या पश्चिमेस मुख्य मंदिर आहे.

बाहेरील द्वारापाशी सात पायऱ्या, आतील द्वारापाशी आठ पायऱ्या आणि ग्रीक भाषांतरातील (सेप्टुअजिंट) पाठानुसार मुख्य मंदिरापाशी दहा पायऱ्या आहेत. त्यांची बेरीज पंचवीस होते व ती निर्वासनाच्या पंचविसाव्या वर्षाशी जुळते. उंची वाढत जाते, तसे दरवाजे अरुंद होत जातात : द्वारमंडपाचे द्वार ग्रीक पाठाप्रमाणे १४ हात, पवित्रस्थानाचे १० हात व परमपवित्रस्थानाचे ६ हात. परमपवित्रस्थान २० हात चौरस आहे व तेथे संदेष्टाही प्रवेश करीत नाही. मापणारा पुरुष एकटाच आत जातो. भिंतींवर खजुरीची झाडे व दोन मुखांचे करूब आलटून पालटून कोरलेले आहेत. करूबाचे एक मुख मनुष्याचे, तर दुसरे सिंहाचे आहे. एदेन बागेच्या वाटेवर करूबांचा पहारा असल्याची कथा ‘उत्पत्ती’ ग्रंथात आहे. त्यामुळे ही सजावट म्हणजे मंदिर हे गमावलेल्या आदिम उद्यानाचे रूप असल्याची खूण मानली जाते.

या मंदिरात काय आहे, त्याइतकेच काय नाही हेही लक्षणीय आहे. कराराच्या कोशाचा उल्लेख नाही. सात दिव्यांचा दीपवृक्ष व सोन्याची धूपवेदी नाही. शलमोनाच्या मंदिरासमोर असलेला पितळेचा ओतीव गंगाळसागर नाही. त्याऐवजी मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा झरा निघतो.

वास्तूचा आध्यात्मिक अर्थ : दर्शनाचे प्रयोजन ग्रंथातच सांगितले आहे. संदेष्ट्याने लोकांना मंदिराचे वर्णन करून सांगावे, म्हणजे त्यांना आपल्या दुष्कृत्यांची लाज वाटेल व ते त्याचा नमुना मापून पाहतील, अशी आज्ञा ४३ व्या अध्यायात आहे. ‘बांधा’ अशी आज्ञा निवासमंडपाच्या बाबतीत आहे. येथे ती तशा स्पष्ट शब्दांत नाही. ज्या वास्तूने मनुष्याला आपल्या मर्यादांची जाणीव व्हावी, ती वास्तू प्रथम मनात उभी राहावी लागते, हा या आज्ञेचा आशय होय.

त्या मर्यादांपैकी पहिली पवित्र व सामान्य यांमधील आहे. ५०० हातांची भिंत याच भेदासाठी असल्याचे ग्रंथ सांगतो. दुसरी मर्यादा राजसत्तेची आहे. पूर्वी राजवाडा मंदिराला लागून होता. राजांनी आपला उंबरठा देवाच्या उंबरठ्याजवळ आणला व मध्ये केवळ एक भिंत राहिली, असा दोष ४३ व्या अध्यायात दिला आहे. नव्या योजनेत राजवाडा मंदिराजवळ नाही. ‘अधिपती’ एवढ्याच नावाने उल्लेखिलेल्या राज्यकर्त्याला ठराविक जमीन दिलेली आहे. प्रजेची जमीन त्याने बळकावू नये व वजनमापे खरी असावीत, असे नियम मंदिराच्या मापांच्या सोबतच येतात. पवित्र स्थानाची अचूक मापे आणि बाजारातील खरी मापे यांची ही सांगड अर्थपूर्ण आहे.

तिसरी मर्यादा परक्यांविषयीची असून तेथे ग्रंथातच ताण जाणवतो. ४४ व्या अध्यायात परकीयास मंदिरात प्रवेश नाकारला आहे. ४७ व्या अध्यायात मात्र देशात राहणाऱ्या उपऱ्यांना जमिनीत बरोबरीचा वाटा द्यावा, अशी आज्ञा आहे. यशयाच्या ग्रंथातील ५६ व्या अध्यायात परकीयांचीही अर्पणे स्वीकारली जातील व मंदिर सर्व राष्ट्रांचे प्रार्थनामंदिर होईल, असे म्हटले आहे. देवाच्या घराचे दार कोणासाठी उघडे, हा प्रश्न पुढील सर्व परंपरांना याच दोन दिशांनी भेडसावत राहिला.

देवाचे तेज ज्या पूर्वद्वाराने गेले होते, त्याच द्वाराने ते परत येते व ते द्वार कायमचे बंद केले जाते. येथील बंद दार नाकारण्याचे चिन्ह नाही. आत आलेला देव पुन्हा निघून जाणार नाही, याचे ते आश्वासन आहे. ४७ व्या अध्यायातील झरा मात्र याच पूर्व दिशेने बाहेर वाहतो. दर हजार हातांवर मापणारा पुरुष संदेष्ट्याला पाण्यातून चालवितो : प्रथम पाणी घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत आणि शेवटी पोहूनच जावे इतके खोल होते. ते मृत समुद्राला मिळून त्याचे खारे पाणी गोडे करते, तेथे मासे होतात व कोळी जाळी पसरतात. काठच्या झाडांची पाने औषधी असतात. दलदली तेवढ्या मिठासाठी खाऱ्याच राहतात. पावित्र्य आत जाताना भिंतीभिंतींनी जपले जाते, तर कृपा बाहेर येताना कोणत्याही भिंतीला न जुमानता वाहते, असा दुहेरी अर्थ या रचनेतून व्यक्त होतो. ग्रंथाचा शेवट बारा वेशींच्या नगरीने होतो. तिचे नाव ‘यहोवा शाम्मा’ म्हणजे ‘परमेश्वर तेथे आहे’ असे आहे.

इतर संदेष्टे : निर्वासनानंतर परतलेल्यांनी जरूब्बाबेलाच्या नेतृत्वाखाली दुसरे मंदिर बांधून इ. स. पू. ५१५ च्या सुमारास पूर्ण केले. ते यहेज्केलच्या मापांचे नव्हते. जुने मंदिर आठवणाऱ्यांना ते क्षुद्र वाटले, तेव्हा या घराचे पुढील वैभव पूर्वीपेक्षा मोठे होईल, असे आश्वासन हाग्गयाने दिले. जखऱ्याच्या दर्शनातही मापणारा येतो. पण जेरूसलेम तटाविना राहील व देव स्वतः तिच्याभोवती अग्नीचा तट होईल, असे त्याला सांगण्यात येते. त्याच्या अखेरच्या अध्यायात घरोघरची भांडीही मंदिरातील पात्रांइतकी पवित्र होतात, म्हणजे पवित्र व सामान्य यांतील भिंतच विरून जाते. दुसऱ्या मंदिराचा हेरोद राजाने इ. स. पू. २० च्या सुमारास भव्य विस्तार आरंभला. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते नष्ट केले.

अर्थनिर्णयाच्या परंपरा : ज्यू पंडितांपुढे पहिला प्रश्न विसंगतींचा होता. यहेज्केलने सांगितलेले यज्ञविधी मोशेच्या नियमशास्त्राशी सर्वत्र जुळत नाहीत. तालमूदमधील एका कथेनुसार हनन्या बेन हिज्कीया याने दिव्यासाठी तीनशे मापे तेल जाळून माडीवर बसून हा मेळ घातला. नाहीतर हा ग्रंथ बाजूला ठेवला गेला असता. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मैमॉनिडीझ याने भावी मंदिराचे वर्णन यहेज्केलच्या ग्रंथात असले, तरी ते बांधकामासाठी पुरेसे स्पष्ट नाही, असे म्हटले. मिद्राशमध्ये याच दर्शनाच्या संदर्भात एक मार्मिक विचार आढळतो : निर्वासितांनी मंदिराच्या रचनेचा अभ्यास करावा, म्हणजे तो अभ्यासच बांधकामाच्या ठिकाणी धरला जाईल. मृत समुद्राजवळील कुमरान येथील गुंडाळ्यांतही आदर्श मंदिराची वर्णने आहेत; त्यांपैकी ‘मंदिर गुंडाळी’ यिगाएल यादीन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली.

ख्रिस्ती परंपरेत वास्तूचा अर्थ व्यक्तीकडे व समुदायाकडे वळला. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे शरीर हेच मंदिर होय. पौलाच्या पत्रांत श्रद्धावंतांचा समुदाय मंदिर होतो, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंत हे ‘जिवंत दगड’ ठरतात. ‘प्रकटीकरण’ या ग्रंथात मापण्याचा बोरू, बारा वेशी, जीवनाची नदी व औषधी पाने हे यहेज्केलचे सर्व घटक येतात. पण नव्या नगरीत मंदिर नाही. ती नगरी लांबी, रुंदी व उंचीने समान आहे, म्हणजेच सबंध नगरी घनाकृती परमपवित्रस्थान झालेली आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने पायऱ्या व द्वारे यांचा अर्थ आत्म्याच्या क्रमिक उन्नतीशी लावला. व्हिलाल्पांदो या स्पॅनिश जेझुइट पंडिताने १५९६ ते १६०५ या काळात या मंदिराचे भव्य नकाशे प्रसिद्ध केले. न्यूटननेही मंदिराच्या मापांचा अभ्यास केला; तो त्याच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये प्रकाशित झालेल्या कालगणनाविषयक ग्रंथात आहे. भविष्यकाळी हे मंदिर शब्दशः बांधले जाईल, असे मानणारे काही प्रॉटेस्टंट पंथ आहेत. आधुनिक चिकित्सक अभ्यासक मात्र त्याकडे निर्वासित समाजाची पुनर्रचना सांगणारी योजना म्हणून पाहतात.

सिनॅगॉग व मुंबईतील परंपरा : यहेज्केलच्या ११ व्या अध्यायात, दूर देशी विखुरलेल्या लोकांसाठी देव स्वतः ‘लहान पवित्रस्थान’ (मिकदाश मआत) होईल, असे वचन आहे. तालमूदने त्याचा अर्थ सिनॅगॉग व अध्ययनगृहे असा लावला. यज्ञाची जागा प्रार्थनेने घेतली व मंदिराच्या रचनेतील संज्ञा आणि दिशा लहान वास्तूंत उतरल्या.

मुंबईत या परंपरेचा आरंभ बेने इस्राएल समाजातील सॅम्युएल यहेज्केल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेल्या ‘शाआर हारहमीम’ (दयेचे द्वार) या सिनॅगॉगने झाला. दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते व टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यानंतर त्यांनी ही वास्तू उभारली, असे सांगितले जाते. या प्रार्थनास्थळाला शेजारचे लोक ‘मशीद’ म्हणत व त्यावरूनच मशीद या रेल्वेस्थानकाचे नाव पडल्याचे मानतात. लोअर परळच्या दक्षिणेस, गिरणगावाच्या कडेला जेकब सर्कल (संत गाडगे महाराज चौक) येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले ‘तिफेरेथ इस्राएल’ (इस्राएलचे वैभव) हे सिनॅगॉग आहे. आग्रीपाड्यात ‘मागेन हसिदीम’, पनवेलला ‘बेथ एल’ (देवाचे घर), तर पुण्यात बगदादी ज्यू दानशूर डेव्हिड ससून यांनी बांधविलेले ‘ओहेल डेव्हिड’ (दाविदाचा तंबू) आहे. लाल विटांच्या या शेवटच्या वास्तूला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. घर, तंबू, द्वार व वैभव या नावांतून बायबलमधील मंदिराचीच भाषा ऐकू येते.

या सिनॅगॉगमधील ज्या कपाटात नियमशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवतात त्यास ‘हेखाल’ म्हणतात. शलमोनाच्या मंदिरातील पवित्रस्थानाचेच हे नाव होय. जेरूसलेम मुंबईच्या वायव्येस असल्याने हेखाल साधारणतः पश्चिमेकडील भिंतीत असते. यहेज्केलच्या दर्शनातही मुख्य मंदिर यज्ञवेदीच्या पश्चिमेस असल्याने तेथेही दिशा हीच राहते. हेखालासमोर अखंड तेवणारा दिवा (नेर तामीद) मंदिरातील दीपाचे स्मरण देतो. मध्यभागी वाचनासाठी उंच चौथरा (तेबा) असतो.

मंदिराची स्मृती वास्तूपुरती राहिली नाही. दोन्ही मंदिरांच्या नाशाचा शोक ज्या दिवशी पाळला जातो, त्या आव महिन्याच्या नवमीला बेने इस्राएल ‘बिरड्याचा सण’ म्हणत, कारण या प्रसंगी वालाचे बिरडे केले जाई. प्रायश्चित्ताच्या दिवसास (योम किप्पूर) त्यांच्यात ‘दारफाळणीचा सण’ म्हणजे दारे लावून घेण्याचा सण असे नाव होते. त्या दिवशी लोक घराची दारे बंद करून उपवास व प्रार्थना करीत. याच दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव ‘नईला’ म्हणजे ‘बंद करणे’ असे असून त्याचा संबंध मंदिराची द्वारे मिटण्याच्या वेळेशी जोडला जातो. पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ एलिया संदेष्ट्याचे नाव घेऊन वाटला जातो. काही अभ्यासक त्याची तुलना मंदिरातील अन्नार्पणाशी करतात. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते या समाजासाठीच होय. ज्या ग्रंथांत ही वास्तू होती, ते मूळ भाषेत वाचण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. मराठी ख्रिस्ती परंपरेत पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये झालेल्या निधनापूर्वी त्यांनी ते पूर्ण केले.

१९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यावर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक तेथे गेले. विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेण्यात आली, तेव्हा त्यांनी तीव्र विरोध केला व १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. दारातून कोणाला आत घ्यावे, हा यहेज्केल व यशया यांच्या ग्रंथांतील जुनाच प्रश्न अशा रीतीने कोकणातून आलेल्या लोकांच्या वाट्याला आला. मुंबईत मागे राहिलेला समाज आता लहान असला, तरी त्याने आपली प्रार्थनास्थळे राखली आहेत. शब्बाथच्या नियमित प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा प्रौढ पुरुष जमणे हीच तेथे वास्तूची खरी कसोटी ठरते. भिंती उभ्या असूनही तेज निघून जाऊ शकते आणि भिंती नसतानाही ते लोकांसोबत राहू शकते, हे यहेज्केलच्या दोन्ही दर्शनांचे सार होय.